फिरणारं इंजिन आणि उरलेली एक मोटार

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात रीनो हे शहर आहे. तिथल्या नॅशनल ऑटोमोबाईल म्युझियममध्ये 1906 सालची एक मोटार जपून ठेवली आहे. तिला पुढे बॉनेट नाही आणि रेडिएटरही नाही. इंजिन मागच्या बाजूला आहे, आणि ते सुरू झालं की आजच्या कुठल्याही मेकॅनिकला चक्रावून टाकेल असा प्रकार दिसतो. एरवी इंजिनाचे सिलिंडर जागेवर घट्ट बसलेले असतात आणि आतला क्रँकशाफ्ट हा दांडा फिरतो. इथे क्रँकशाफ्ट गाडीच्या सांगाड्याला पक्का जखडलेला आहे, आणि पाचही सिलिंडर त्याच्याभोवती आडवे गरगर फिरतात.

ही ॲडम्स-फार्वेल मोटार. 1904 ते 1912 या काळात तिच्या कारखान्यातून सुमारे 52 मोटारी विकल्या गेल्या. त्यांतली एकच आज शिल्लक असल्याचं मानलं जातं, ती ही. हरलेल्या यंत्रांबद्दल आपण फार घाईने मत बनवतो: टिकलं नाही म्हणजे चुकलेलं असणार. या मोटारीची गोष्ट नीट पाहिली की तो समज ढासळतो. तिच्यातलं इंजिन चुकलेलं नव्हतं. ते चुकीच्या जागी बसलं होतं.

नदीकाठची ओतशाळा

आयोवा राज्याच्या पूर्व सीमेवर मिसिसिपी नदीच्या काठी डब्यूक हे गाव आहे. आधी शिशाच्या खाणींवर आणि पुढे लाकूडकामाच्या कारखान्यांवर ते वाढलं. तिथे ॲडम्स कंपनीचा कारखाना होता. ओतकाम करणं आणि दुसऱ्या कारखान्यांना लागणारी यंत्रं बनवणं हा तिचा धंदा. फे ऑलिव्हर फार्वेल (1859–1935) हा तिचा बुद्धिमान यंत्ररचनाकार होता.

त्या काळात अशा कारखान्याने मोटार बनवायला घेणं यात नवल नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शेकडो ठिकाणी मोटारी जुळवल्या जात होत्या. कुणी आधी बग्ग्या बनवत होतं, कुणी सायकली, कुणी शेतीची अवजारं. आयोवातच पुढे मोठं नाव कमावणाऱ्या ड्यूसेनबर्ग भावांनी मेसन ही मोटार तयार केली, आणि नंतर कपडे धुण्याच्या यंत्रांमुळे घरोघरी पोचलेल्या मेटॅग यांनीही काही काळ तिच्यात पैसा घातला. लेथ, भट्टी आणि हुशार कारागीर एवढं जवळ असलं की माणूस मोटारीच्या धंद्यात उतरायला धजावत असे. बहुतेक जण दुसऱ्यांची रचना थोडीफार बदलून वापरत. फार्वेलने मात्र इंजिनाचा विचार मुळापासून केला.

1896 च्या सुमारास त्याने फिरत्या सिलिंडरांच्या इंजिनाची कल्पना मांडली आणि 1898 च्या सुमारास तीन सिलिंडरांचं असं इंजिन गाडीवर चढवलं. पुढची काही वर्षं सुधारणा करण्यात गेली. 1905 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात लोकांनी ॲडम्स-फार्वेल पाहिली. सुरुवातीच्या तीन सिलिंडरांच्या गाड्यांची ताकद 20 ते 25 अश्वशक्ती होती. 1906 मध्ये पाच सिलिंडरांचं 40 ते 45 अश्वशक्तीचं इंजिन आलं. ही गाडी ताशी 75 मैल धावते, असा दावा केला जाई.

इंजिनच का फिरवायचं?

फार्वेलने असं उलटं का केलं, हे समजण्यासाठी त्या काळच्या इंजिनांची दुखणी पाहायला हवीत.

पहिलं दुखणं हादऱ्यांचं. नेहमीच्या इंजिनात सिलिंडरच्या आतला पिस्टन पुढे धावतो, थांबतो, उलटा फिरतो, पुन्हा थांबतो. मिनिटाला शेकडो वेळा एक जड लोखंडी तुकडा असा थांबवायचा आणि पुन्हा पळवायचा, तर त्याचे धक्के सगळ्या गाडीला बसणारच. एक किंवा दोन सिलिंडरांच्या गाड्यांत ते अंगाला जाणवत.

दुसरं दुखणं असमान ताकदीचं. चार टप्प्यांच्या इंजिनात सिलिंडर आधी इंधन आणि हवेचं मिश्रण आत ओढतो, मग ते दाबतो, मग ते पेटून पिस्टनला ढकलतं, आणि शेवटी जळलेला वायू बाहेर जातो. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एका सिलिंडरकडून ताकदीचा धक्का एकदाच मिळतो. मधल्या वेळात इंजिन फिरत राहावं म्हणून त्याला जड फ्लायव्हील जोडावं लागे. हे वजन केवळ गती साठवण्यासाठी वाहायचं.

तिसरं दुखणं उष्णतेचं. पाण्याने इंजिन थंड ठेवायचं तर पंप, नळ्या, रेडिएटर हे सगळं आलं. तेव्हाची ही जोडणी गळायची, आणि हिवाळ्यात आयोवासारख्या ठिकाणी पाणी गोठलं की धातू तडकायचा.

फार्वेलने एकाच उपायाने ही तिन्ही दुखणी दूर केली. सिलिंडरच फिरू लागले की त्यांचं स्वतःचं वजन फ्लायव्हीलचं काम करतं, त्यामुळे वेगळं फ्लायव्हील लागत नाही. फिरणारे सिलिंडर सतत हवा कापतात, त्यामुळे गाडी उभी असतानाही ते थंड होत राहतात. पाणी नको, रेडिएटर नको. पण सर्वांत सुंदर उत्तर होतं हादऱ्यांचं.

खळ्यावर मळणी चालली आहे अशी कल्पना करा. खळ्याभोवती गोल कूड आहे, पण तिवडा बरोबर मध्यावर न रोवता थोडा एका बाजूला रोवलेला आहे. तिवड्याला बांधलेला बैल दोरी ताणून त्याच्याभोवती फिरतो. दोरीची लांबी बदलत नाही, म्हणून बैलाची वाट नेमकी वर्तुळाकार असते. तो कुठे थांबत नाही, मागे वळत नाही. तरीही एका बाजूला तो कुडाच्या अगदी जवळ येतो आणि समोरच्या बाजूला कुडापासून लांब जातो, कारण त्याच्या वर्तुळाचं केंद्र आणि कुडाचं केंद्र वेगवेगळं आहे. फार्वेलच्या इंजिनात तिवड्याच्या जागी क्रँकची स्थिर पिन आहे, दोरीच्या जागी कनेक्टिंग रॉड, बैलाच्या जागी पिस्टन आणि कुडाच्या जागी सिलिंडरांची बंद टोकं. पिस्टन आणि सिलिंडर दोघेही आपापल्या वर्तुळात एकाच दिशेने फिरतात. दोघांमधलं अंतर कमी-जास्त होतं, आणि तेवढ्यावर मिश्रण ओढणं, दाबणं, पेटणं, बाहेर टाकणं हे सगळं घडतं. सिलिंडरच्या दृष्टीने पिस्टन आत-बाहेर होतो. जमिनीवर उभं राहून पाहिलं तर तो केवळ गोल फिरतो. जिथे थांबणं आणि उलटं पळणंच नाही, तिथे धक्के येणार कुठून?

या रचनेतून आणखी एक सोय आपोआप निघाली. प्रत्येक सिलिंडरमधलं मिश्रण सर्वांत जास्त दाबलं जातं ती जागा गाडीच्या हिशेबाने एकच असते, म्हणजे क्रँकची पिन ज्या दिशेला सरकलेली आहे ती. सगळे सिलिंडर आळीपाळीने तिथे येतात. त्यामुळे ठिणगीची वेळ सगळ्यांसाठी एकाच ठिकाणी साधता येते.

सिलिंडरांची संख्या तीन किंवा पाच, म्हणजे विषम, यालाही कारण आहे. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटत असल्यामुळे एक सोडून एक सिलिंडर पेटवावा लागतो. पाच असले तर क्रम 1, 3, 5, 2, 4 असा लागतो; दोन फेऱ्यांत सगळ्यांची पाळी येते आणि प्रत्येक धक्क्यातलं अंतर सारखं राहतं. चार असते तर एक सोडून एक मोजताना 1 आणि 3 यांचीच पाळी पुन्हा पुन्हा आली असती, आणि 2 व 4 यांना मध्येच घुसवण्यासाठी ताल मोडावा लागला असता. पुढे विमानांसाठी आलेल्या अशा इंजिनांतही एका चक्रात सात किंवा नऊ सिलिंडर दिसतात, ते याच गणितामुळे.

चालकाला दोन जागा

इंजिन मागे गेल्यामुळे गाडीचा पुढचा भाग रिकामा झाला, आणि फार्वेलने त्याचाही उपयोग करून घेतला. काही ॲडम्स-फार्वेल गाड्यांत चालवण्याची साधनं हलवता येत. हवा चांगली असली की चालकाने पुढे उघड्यावर बसायचं. थंडी-पाऊस असला की साधनं मागे घेऊन आडोशाला बसून गाडी हाकायची. बंद मोटारी सर्रास होण्याआधीच्या काळात ही मोठीच सोय होती.

त्याहून महत्त्वाची होती वेग आवरण्याची पद्धत. इतर गाड्यांत इंजिनात शिरणाऱ्या मिश्रणाच्या वाटेवर एक झडप असते. ती थोडी बंद केली की मिश्रण कमी जातं आणि ताकद उतरते. फार्वेलने ही झडप वापरली नाही. त्याने आत ओढण्याच्या व्हॉल्व्हची वेळच बदलती ठेवली. ताकद कमी हवी असेल तेव्हा पिस्टन दाबायला लागल्यावरही तो व्हॉल्व्ह काही काळ उघडा राहायचा. ओढलेल्या मिश्रणातला काही भाग मागे परत जायचा, आणि उरलेलंच दाबलं जाऊन पेटायचं. इंजिनाला अरुंद वाटेतून धाप लागल्यासारखा श्वास घ्यावा लागत नसे. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

रस्त्यावर कुठे अडलं?

एवढं सगळं असूनही आठेक वर्षांत 52 मोटारी, म्हणजे वर्षाला सरासरी सहा-सात. असं का झालं?

एक कारण यंत्रातच होतं. फिरणारे सिलिंडर हवा कापून थंड होतात, पण हवा कापायला ताकद लागते, आणि ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फिरण्याचा वेग दुप्पट केला तर हवेवर खर्च होणारी ताकद आठपट होते. म्हणून असं इंजिन जास्त वेगाने फिरवून जास्त ताकद काढायचा रस्ता लवकरच बंद होतो. वंगणाचीही अडचण असते. गरगर फिरणाऱ्या इंजिनातलं तेल केंद्रापासून बाहेर फेकलं जातं, त्यामुळे तेच तेल तळाशी गोळा करून पुन्हा फिरवणं जमत नाही.

दुसरं कारण यंत्राबाहेरचं होतं. ज्या दुखण्यांवर फार्वेलने औषध काढलं होतं, ती दुखणी दरम्यान इतरांनी साध्या उपायांनी आटोक्यात आणली. जर्मनीत मायबाख या यंत्ररचनाकाराने 1901 च्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा रेडिएटर वापरला, आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांचं मोठं संकट टळलं. चार सिलिंडर एका रांगेत बसवले की धक्के बरेच सौम्य होतात, हे सिद्ध झालं. फ्लायव्हील जड असतं हे खरं, पण हजार किलोच्या आसपासच्या गाडीत त्या वजनाचं फारसं ओझं वाटत नाही. रस्त्यावरच्या मोटारीला इंजिन हलकं असण्यापेक्षा ते स्वस्त असणं, गावच्या लोहाराला दुरुस्त करता येणं आणि तेल कमी पिणं या गोष्टींची जास्त गरज होती.

मग 1908 मध्ये फोर्डची मॉडेल टी आली. तिचं इंजिन चार सिलिंडरांचं, पाण्याने थंड होणारं, एका ओळीतलं होतं. त्यात अचंबा वाटावा असं काही नव्हतं. पण मोठी गाडी 850 डॉलरला मिळत होती आणि किंमत पुढे उतरतच गेली. 1927 पर्यंत दीड कोटीहून जास्त मॉडेल टी बनल्या. हाताने एकेक गाडी जुळवणाऱ्या डब्यूकच्या कारखान्याला या शर्यतीत जागाच नव्हती. 1912 च्या सुमारास ॲडम्स-फार्वेल बंद झाली. कंपनी मात्र बुडाली नाही. ती गिअर बनवण्याच्या कामात स्थिरावली, कारण मोटार हा तिचा एक उद्योग होता, तिचा सगळा संसार नव्हता.

तेच इंजिन, आकाशात

ज्या गुणांना रस्त्यावर गिऱ्हाईक नव्हतं, त्यांना आकाशात मोठी मागणी होती. त्या काळी विमान उडवू पाहणाऱ्यांची पहिली अडचण वजनाची होती. पाणी, रेडिएटर आणि फ्लायव्हील यांतलं काहीच नसलेलं इंजिन म्हणजे त्यांच्या मनातली वस्तू.

एमिल बर्लिनर हे नाव मराठी घरांना अप्रत्यक्षपणे ओळखीचं आहे. ज्या चपट्या तबकडीमुळे नाट्यगीतं आणि ख्याल आपल्या दिवाणखान्यात पोचले, ती ग्रामोफोनची तबकडी त्यानेच तयार केली. पुढे त्याला सरळ वर उचलल्या जाणाऱ्या यंत्राचा, म्हणजे हेलिकॉप्टरचा ध्यास लागला. त्याच्या प्रयोगांसाठी त्याने डब्यूकहून ॲडम्स-फार्वेलची इंजिनं मागवली. ती अशा कामाला जवळजवळ तयारच होती. फार्वेलच्या गाडीत सिलिंडर आडवे फिरत, म्हणजे फिरण्याचा आस उभा असे, आणि हेलिकॉप्टरच्या पात्यांना नेमका उभाच आस लागतो. पुढे बर्लिनरने वॉशिंग्टनमध्ये स्वतःची जायरो मोटर कंपनी काढली आणि विमानांसाठी फिरती इंजिनं बनवली.

फ्रान्समध्ये सेगां भावांनी याच तत्त्वावर नोम इंजिन उभं केलं. सात सिलिंडर, 50 अश्वशक्ती आणि वजन अवघं 75 किलोच्या आसपास. 1909 पासून या इंजिनाने विमानांचं चित्र पालटलं, आणि पहिल्या महायुद्धातली अनेक लढाऊ विमानं नोम, ल रोन आणि क्लेर्जे यांच्या फिरत्या इंजिनांवर उडाली. फिरत्या सिलिंडरांची कल्पना एकट्या फार्वेलची नव्हती. फ्रान्समध्ये फेलिक्स मिये आणि ऑस्ट्रेलियात लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी 1890 च्या आधीच ती आजमावली होती. न्यू यॉर्कच्या स्टीफन बाल्झरने 1894 मध्ये अशाच इंजिनाची छोटी गाडी बनवली. ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. पण अमेरिकेत अशी मोटार वर्षानुवर्षं बनवून गिऱ्हाइकांना विकण्याची हिंमत डब्यूकच्या कारखान्याने केली.

आकाशातही या इंजिनाची एक खोड उघड झाली. वेगाने फिरणाऱ्या जड वस्तूचा आस वळवायला गेलं की ती वस्तू भलत्याच दिशेला झुकते. अशाच इंजिनाचं सॉपविथ कॅमल विमान उजवीकडे वळवलं की नाक खाली जायचं आणि डावीकडे वळवलं की वर यायचं. नवशिक्या वैमानिकांना हे महागात पडे. फार्वेलच्या मोटारीत मात्र रस्त्यावर वळताना हा त्रास होण्याचं कारण नव्हतं. गाडी ज्या उभ्या आसाभोवती वळते, त्याच्याशी समांतर आसावर इंजिन फिरत होतं. म्हणजे जागा बदलली की दोषही बदलतात आणि गुणही.

एक गाडी कशी उरली

लोखंडाला भंगारात भाव असतो, आणि दोन महायुद्धांत अमेरिकेतल्या हजारो जुन्या मोटारी भट्टीत गेल्या. ज्या मोटारीचे सुटे भाग मिळत नाहीत, जी दुरुस्त करायला कुणाला येत नाही, ती आधी जाते. रीनोतली गाडी वाचली ती विल्यम हॅरा या कॅसिनोमालकाच्या वेडामुळे. त्याने जुन्या मोटारींचा प्रचंड संग्रह केला होता. एके काळी तो सुमारे 1,400 गाड्यांवर गेला. 1978 मध्ये हॅरा वारला, त्याचा उद्योग दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि संग्रह लिलावात काढायचं ठरलं. लोकांनी आवाज उठवल्यावर निवडक 175 गाड्या एका विश्वस्त संस्थेला देण्यात आल्या आणि त्यांतून 1989 मध्ये हे संग्रहालय उघडलं. ॲडम्स-फार्वेल तिथे आहे. 1908 च्या न्यू यॉर्क ते पॅरिस शर्यतीत जिंकलेली थॉमस फ्लायरही त्याच छताखाली आहे. जिंकलेल्या गाडीला जागा मिळणं स्वाभाविक आहे. न जिंकलेल्या गाडीलाही तेवढीच जागा मिळाली, हे त्या संग्रहालयाचं मोठेपण मला वाटतं.

कारण न जिंकलेल्या यंत्रांत अशा युक्त्या असतात ज्यांची वेळ अजून आलेली नसते. व्हॉल्व्ह उशिरा बंद करून मिश्रणाचा काही भाग परत पाठवायचा, ही फार्वेलची वेग आवरण्याची युक्ती आठवा. तिच्यामुळे दाबण्याचा टप्पा ढकलण्याच्या टप्प्यापेक्षा छोटा होतो. फार्वेलच्याही आधी, 1880 च्या दशकात, इंग्लंडच्या जेम्स ॲटकिन्सनने दाबण्याचा टप्पा छोटा आणि ढकलण्याचा टप्पा मोठा ठेवणारं इंजिन बनवलं होतं. पुढे जवळजवळ शतकभर मोटारींनी या विचाराकडे पाठ फिरवली, कारण इंधन स्वस्त होतं आणि ताकद जास्त हवी होती. 1997 मध्ये टोयोटाने प्रियस ही विजेची साथ असलेली मोटार आणली तेव्हा इंधन वाचवणं महत्त्वाचं झालं होतं, आणि कमी पडणारी ताकद भरून काढायला विजेची मोटर सोबत होती. त्या गाडीच्या इंजिनात व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा बंद होतो आणि ओढलेल्या मिश्रणाचा काही भाग परत जातो. 2001 मध्ये बीएमडब्ल्यूनेही झडपेऐवजी व्हॉल्व्हच्या हालचालीवर इंजिनाची ताकद आवरण्याची रचना बाजारात आणली. या कंपन्यांनी फार्वेलची नक्कल केली असं नाही. पण ज्या प्रश्नाला त्याने तोंड दिलं, तोच प्रश्न नव्या परिस्थितीत पुन्हा उभा राहिला आणि उत्तरही त्याच वाटेने सापडलं.

म्हणून यंत्रशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना यशस्वी इंजिनांबरोबर ही इंजिनंही शिकवायला हवीत. यशस्वी इंजिन त्यांना उत्तर दाखवतं. ॲडम्स-फार्वेलसारखं इंजिन त्यांना विचारायला शिकवतं: हा गुण कुठे उपयोगी पडेल, हा दोष कुठे दोष राहणार नाही, आणि आज जमत नाही ते कोणती गोष्ट बदलली तर जमेल? डब्यूकच्या त्या कारखान्याने आठ वर्षांत 52 मोटारी विकल्या आणि माघार घेतली. पण हे प्रश्न विचारणाऱ्याला त्यांतल्या उरलेल्या एका मोटारीकडून अजूनही उत्तरं मिळतात, आणि ती मोटार जपण्याचं याहून मोठं कारण शोधायची गरज नाही.